काजूबी ते काजूगर

काजूच्या झाडावर पिवळं-तांबडं बोंड वर असतं आणि बी त्याच्या खाली, उघड्यावर लटकलेली. वनस्पतिशास्त्र म्हणतं, खरं फळ ती बीच. बोंड म्हणजे फुगलेला देठ. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड गोव्यात आणि कोकणात जांभ्या दगडाच्या उतारांवर चांगलंच रुजलं. बोंडांच्या रसापासून गोव्यात फेणी झाली, बीनं घरं चालवली.

गर सहजासहजी हाती लागत नाही, याचं कारण टरफलात आहे. त्याच्या दोन थरांमधल्या जाळीदार पोकळ्यांत दाहक तेल भरलेलं असतं. कोकणात त्याला चीक म्हणतात. कातडीला लागला की फोड येतात. म्हणून ओले गर काढताना बायका हाताला खोबरेल किंवा राख चोळतात, हिरवी बी उभी चिरतात, सुरीच्या टोकानं गर उचलतात आणि कोमट पाण्यात टाकून साल सोलतात. उसळीच्या एका वाडग्यामागे एवढे कष्ट असतात. ओले गर महाग वाटले तरी घासाघीस करू नये. हेच तेल वाळवी लागू नये म्हणून घराच्या खांबांना आणि होड्यांच्या लाकडाला लावत आले आहेत.

सुक्या बिया उन्हात वाळवून वाफवतात, म्हणजे टरफल सैल होतं. गार झाल्यावर एकेक बी यंत्राच्या पात्यांमध्ये धरून फोडतात, गर भट्टीत सुकवतात, मग तांबूस साल निघते. दुकानातला ‘कच्चा’ काजूसुद्धा असा वाफ खाऊनच आलेला असतो.

पाकिटावरचा ‘डब्ल्यू ३२०’ म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, साधारण ३२० अख्खे गर. एक गर दीड ग्रॅमच्या आत-बाहेर. वीस गर खाल्ले की सुमारे ३० ग्रॅम होतात: १६५ कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिनं, १३ ग्रॅम स्निग्धांश आणि ८५ मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम. स्निग्धांशातला मोठा भाग ऑलिक आम्लाचा, म्हणजे ऑलिव्ह तेलात मुख्यतः असतं तेच. तांबं भरपूर मिळतं. तंतू मात्र बदामाच्या मानानं फारच कमी. ज्यांना ऑक्झलेटचे मूतखडे होतात त्यांनी हात आखडता ठेवावा, कारण काजूत ऑक्झलेट बरंच असतं.

आकार वाढला की भाव चढतो, पोषण तेवढंच राहतं. वाटपाला आणि खिरीला तुकडा काजूच घ्यावा, आणि खवट होऊ नये म्हणून हवाबंद डब्यात, जमल्यास फ्रीजमध्ये ठेवावा.