"बोर्ड गेलाय म्हणे"

सकाळी 9.30. शटर वर केलं, टेबल पुसलं, मीटरची बॅटरी तपासली. श्रावणात साताऱ्याची हवा ओलीगच्च असते. या दिवसांत दुकानात येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "कॉम्प्युटर चालूच होत नाहीये."

10.15. डीटीपीचं काम करणाऱ्या एक ताई चादरीत गुंडाळलेलं कॅबिनेट घेऊन रिक्षातून उतरल्या. गणपती तोंडावर आलेले आणि मंडळाचा अहवाल अर्धाच झालेला. बटण दाबलं की पंखा एक गिरकी घेतो आणि थांबतो. आधी दुसरीकडे दाखवलं, तिथे सांगितलं, मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या. "दादा, माझ्या फायली गेल्या का हो?"

दुरुस्तीआधी मी हाच प्रश्न मिटवतो. हार्ड डिस्क काढून माझ्या मशीनला लावली, पेजमेकरमधला अहवाल उघडून दाखवला आणि पेन ड्राइव्हवर घेऊन त्यांच्या हातात दिला. कॉम्प्युटर चालू होत नाही म्हणून डिस्कवरचं काम गेलं असं बहुतेक वेळा नसतं. एवढं कुणी सांगितलं असतं तर त्यांची रात्र जागून गेली नसती.

11.00. सुरुवात भिंतीकडून. वायर बदलून पाहिली, फरक नाही. मशीन बंद असतानाही एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जांभळ्या वायरवर 5 व्होल्ट हवेत, ते आहेत. पुढच्या बटणाची वायर काढून बोर्डावरच्या त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने जोडल्या. तीच गिरकी. म्हणजे बटण निर्दोष. मग ग्राफिक्स कार्ड, डीव्हीडी, पुढचे यूएसबी, सगळं सोडवलं. उरला प्रोसेसर, त्याचा पंखा आणि खोडरबराने पिना घासून बसवलेली एक रॅम. तरी तेच.

12.30. मधे तीन गिऱ्हाइकं. एका शाळेच्या मशीनची पॉवर कॉर्ड मागून सैल झाली होती, दाबून बसवली. त्याचे पैसे घेत नाही.

2.30. डबा खाऊन पुन्हा बसलो. 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडली की एसएमपीएस बोर्डाशिवाय चालू होतो. केला, पंखा झकास फिरला. पिवळ्या वायरवर 12.1 व्होल्ट. बहुतेक जण इथेच थांबतात आणि दोष बोर्डाच्या माथी मारतात. माझं भांडण आहे ते इथेच. पंख्याला वीज लागते ती चिमूटभर. प्रोसेसर मागतो ओंजळभर. बिनओझ्याचा बैल पळतो, म्हणून गाडीही ओढेल असं कसं म्हणायचं?

गाडीच्या इंडिकेटरचे 12 व्होल्टचे, 21 वॅटचे दोन बल्ब मी यासाठीच ठेवलेत. ते पिवळ्या-काळ्या वायरींत लावले. बल्ब मिणमिणले आणि मीटर 10.6 वर उतरला. 11.4 च्या खाली जाता कामा नये. जाळीतून टॉर्च मारला तर आत दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली. हाताखालचा मुलगा झाकण खोलायला निघाला, त्याला अडवलं. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो लगेच उतरत नाही. तो धडा त्याने शॉक खाऊन शिकायला नको.

3.45. नवा एसएमपीएस. प्रोसेसरची चौकोनी 4 पिनांची वायर आठवणीने लावली. ती राहिली तर पंखे फिरतात, पडदा मात्र काळाच. एक बीप झाला. बोर्ड ठणठणीत होता.

6.30. मशीन घेऊन ताईंकडे गेलो, कारण नवा एसएमपीएसही तसाच जाऊ नये. प्लग काढून सॉकेट मोजलं. फेज-न्यूट्रल 228. फेज-अर्थ मात्र स्थिर आकडाच दाखवेना. भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला तर अर्थिंगची वायर नुसतीच लोंबत होती, आणि त्याच पॉइंटवर एक्स्टेंशन लावून झेरॉक्स मशीनही चालू. ते लगेच दुसऱ्या पॉइंटवर हलवलं. वायरमन उद्या सकाळी येतोय. तोवर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावू नका, असं ताईंना दोनदा सांगून निघालो.