कपाळावरचे गोंदण आणि कचेरीचा उंबरठा

बालाघाट जिल्ह्यातील बैहरच्या बाजूने कान्हाच्या अरण्याकडे जाणाऱ्या वाटेवर आठवडी बाजाराच्या दिवशी एक दृश्य नजरेस पडल्यावाचून राहत नाही. डोक्यावर टोपली घेऊन चालणाऱ्या वयस्क बैगा स्त्रीच्या कपाळावर, दोन्ही भुवयांच्या मधोमध, निळसर काळ्या रेषांचे नि ठिपक्यांचे गोंदण असते. तिच्याबरोबर चालणाऱ्या, चार इयत्ता शिकलेल्या नातीचे कपाळ मात्र पुष्कळदा कोरे असते. हे कपाळ कोरे कशाने झाले? त्यात त्या मुलीची इच्छा किती, आणि शाळा, कचेऱ्या व कारखाने चालविणाऱ्या आपल्यासारख्या सुशिक्षितांच्या नजरेचा धाक किती? हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बालाघाट म्हणजे कोठले दूरचे मध्य प्रदेशातील रान, त्याची चिंता समुद्रकाठच्या मराठी वाचकाने का वाहावी, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे की, हा जिल्हा आपल्याला परका नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत नागपूर, भंडारा आणि बालाघाट ही एकाच प्रांताची लेकरे होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले, तरी वैनगंगेचे पाणी सीमा ओळखत नाही. गोंदियाहून निघालेली आगगाडी आजही बालाघाटास जाते, आणि वारासिवनी-लांजीच्या पट्ट्यात मराठी कानावर पडते. शिवाय प्रश्न एकट्या बालाघाटाचा नाहीच. मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत मनगटावर चित्र गोंदवून किंवा भुवईत कडी अडकवून येणाऱ्या तरुणाकडे वरिष्ठ ज्या नजरेने पाहतात, तीच नजर बैगा मुलीच्या कपाळावरही पडत असते. फरक इतकाच की शहरी तरुणाने आपले चित्र स्वतः निवडलेले असते. बैगा मुलीच्या कपाळावर ते तिच्या कुळाने लिहिलेले असते.

बैगांचे गोंदण हा थिल्लर शृंगार नव्हे. मुलगी साधारण आठ वर्षांची झाली की पहिली खूण कपाळावर उमटते. पुढे वयाच्या एकेका पायरीवर हात, पाठ, पाय, छाती अशी ती वाढत जाते. रामतिळाची, म्हणजे आपल्याकडच्या कारळ्याची, काजळी आणि सुयांची जुडी एवढेच तिचे साहित्य; आणि टोचणारी स्त्री बहुधा बादी जमातीची, जिला तिकडे 'बदनीन' म्हणतात. सोनेनाणे येथेच राहते, गोंदण तेवढे देहाबरोबर जाते, अशी त्यामागची श्रद्धा. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील आपल्या १९१६ सालच्या ग्रंथात या जमातीची नोंद घेतली, आणि व्हेरियर एल्विन यांनी तर १९३९ साली बैगांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. विद्वानांनी ज्याची एवढी दखल घेतली, त्याच खुणेची लाज वाटावी असा प्रसंग त्या विद्येच्या खऱ्या धनिणींवर का यावा?

याचे एक कारण इतिहासात सापडते. कंपनी सरकारच्या अमदानीत 'गोदना' या शब्दाला एक भयंकर अर्थ चिकटला होता. १७९७ च्या बंगालच्या कायद्यान्वये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदविण्याची शिक्षा अमलात होती, आणि ती १८४९ साली रद्द होईपर्यंत चालली. एकाच देशात, एकाच शब्दाने, एका कपाळावर कुळाचा मान लिहिला जात होता आणि दुसऱ्या कपाळावर सरकारने ठरविलेला कलंक. शिक्षा गेली, कायदा गेला, परंतु कपाळावर खूण असलेला मनुष्य म्हणजे काहीतरी वेगळा, काहीतरी संशयास्पद, ही वृत्ती मात्र साहेबाच्या कचेरीतून आपल्या कचेरीत वारसाहक्काने आली, असे आम्हांस वाटते.

बैगांच्या बाबतीत या वृत्तीचा अन्याय दुहेरी आहे. पृथ्वीमातेच्या अंगावर नांगर चालविणे हे पाप, असे मानणारी ही जमात 'बेवर' नावाची फिरती शेती करीत असे. इंग्रजी जंगलखात्याने ती बंद करीत आणली आणि १८९० साली तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील 'बैगाचक' नावाच्या एका लहानशा मुलखापुरती तिला मोकळीक ठेवली. स्वातंत्र्यानंतर १९५५ साली कान्हाचे राष्ट्रीय उद्यान झाले, १९७३ साली ते व्याघ्रप्रकल्पात आले, आणि वाघांना मोकळे रान मिळावे म्हणून गावे उठली. वाघ वाचला याचा आम्हांस आनंदच आहे. तथापि ज्यांची शेती आपण घेतली, ज्यांचे रान आपण घेतले, त्यांना उपजीविकेसाठी आपल्याच दारात चाकरी मागण्यास यावे लागते, हे विसरून चालणार नाही. असे आलेल्या माणसाला 'तुझे कपाळ आमच्या कचेरीला शोभत नाही' असे सुचविणे म्हणजे घर काढून घेतल्यावर अंगावरच्या वस्त्राला नाव ठेवण्यासारखे आहे.

शासनाने काही केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. बैगा, भारिया आणि सहरिया या विशेष मागास जमातींच्या उमेदवारांना ठरावीक जिल्ह्यांत, किमान पात्रता असल्यास, नेहमीच्या निवडप्रक्रियेशिवाय तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या जागांवर नेमण्याची तरतूद मध्य प्रदेशाने आपल्या नियमांत केली आहे, आणि त्या जिल्ह्यांत बालाघाट येते. भारतीय सैन्याचा नियमही या बाबतीत पाहण्यासारखा आहे. सर्वसाधारण उमेदवारास कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतील बाजूस आणि तळहाताच्या मागच्या बाजूस एवढेच कायमचे गोंदण चालते. पण ज्या जमातींत चेहऱ्यावर वा अंगावर गोंदण्याची रूढी आहे, त्यांच्या उमेदवारांचा प्रत्येक प्रकरणी स्वतंत्र विचार करून मुभा देता येते. शिस्तीसाठी प्रसिद्ध असलेली सेना जर परंपरेला जागा करून देऊ शकते, तर एखाद्या पेढीस, रुग्णालयास किंवा पर्यटकनिवासास तेवढे औदार्य का झेपू नये?

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचा नियम निराळा आहे. तेथे धार्मिक चिन्ह वा नाव चालते, परंतु ते डाव्या हाताच्या आतील बाजूस किंवा हाताच्या पाठीवर, आणि आकाराने त्या अवयवाच्या चौथाईपेक्षा लहान हवे. डावाच हात का, तर सलाम उजव्या हाताने केला जातो. सोलापूरकडच्या एका तरुणाला उजव्या हातावरच्या गोंदणापायी अशा एका दलाची नोकरी नाकारली गेली. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. आईने किंवा आजीने जत्रेत हौसेने गोंदविलेली खूण पुढे मुलाच्या भाकरीच्या आड येईल, हे त्या माउलीच्या स्वप्नातही आले नसेल.

येथे आम्ही एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आमच्याच कचेरीत मुद्रितशोधनाच्या जागेसाठी एक तरुण भिकबाळी घालून मुलाखतीस आला, तेव्हा आमच्याही कपाळाला आठी पडली होती. त्याच्या ऱ्हस्वदीर्घाच्या ज्ञानाकडे लक्ष जाण्याआधी आमचे लक्ष त्याच्या कानाकडे गेले. त्याला आम्ही घेतले ते कर्तव्य म्हणून नव्हे, दुसरा लायक उमेदवार नव्हता म्हणून. आणि पुढे आमच्या अग्रलेखांतील चुका त्यानेच सर्वांत अधिक काढल्या. नंतर विचार करता आमचे आम्हांलाच हसू आले. पेशवाईतील मुत्सद्द्यांची चित्रे आम्ही अभिमानाने भिंतीवर लावतो. त्यांच्या कानांत भिकबाळीच तर असते! ती त्यांच्या राजकारणाच्या आड आली नाही, ती आमच्या मुद्रितांच्या आड कशी येणार होती?

शोभा आणि अशोभा यांच्या कल्पना अशाच बदलत आल्या आहेत. नथ म्हणजे मराठी सौभाग्याची अनादि खूण, असे आपण मानतो. परंतु भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी साधार दाखवून दिले की जुन्या संस्कृत वाङ्मयात नाकातील दागिन्याचा पत्ताच लागत नाही. तो बराच उशिरा आला. जे एके काळी नवखे होते ते आज परंपरा झाले. उलट, आपल्या आजीच्या हातावरचे तुळशीवृंदावन नि हनुवटीवरचा ठिपका एके काळी प्रत्येक घरात होता, तो आज गावंढळपणाचा मानला जातो. आणि तोच ठिपका नातीने शहरातील वातानुकूलित दुकानात हजारो रुपये मोजून काढून घेतला की ती कला होते. गोंदण तेच. बदलतो तो गोंदवून घेणाऱ्याचा खिसा.

माणसाच्या अंगावर काय असावे हे सत्तेने ठरविण्याचा अनुभव तर आपल्या किनाऱ्यास चांगला ठाऊक आहे. १७३६ साली गोव्यातील इन्क्विझिशनने हुकूम काढून बाटलेल्या कुटुंबांतील धोतर आणि चोळीवरही बंदी घातली होती. पुढे असहकाराच्या काळात पांढरी गांधीटोपी घालून कचेरीत अगर न्यायालयात येण्यास ठिकठिकाणी मज्जाव झाला. 'कामाच्या जागी शिस्त हवी' हेच कारण तेव्हाही पुढे केले जाई. त्या टोपीसाठी ज्यांनी नोकऱ्यांवर पाणी सोडले, त्यांना आपण थोर म्हणतो. मग कपाळावरच्या गोंदणासाठी एका बैगा मुलीने नोकरी का गमवावी?

जगातही हा विचार पुढे सरकला आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या एका शाळेने दक्षिण भारतीय वंशाच्या मुलीस नाकातील चमकी काढण्यास सांगितले. प्रकरण तेथील घटनापीठापर्यंत गेले आणि २००७ साली सरन्यायाधीश लांगा यांनी बहुमताचा निर्णय दिला, की प्रथा धर्माने सक्तीची नसली, स्वेच्छेने पाळलेली असली, तरीही तिला संरक्षण आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी स्त्रिया हनुवटीवर कुळाचे गोंदण करतात. तसे गोंदण असलेल्या ननाया माहुता २०२० साली त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या, आणि २०१९ पासून तेथील राष्ट्रीय विमान कंपनीने कर्मचाऱ्यांना गोंदण न झाकण्याची मोकळीक दिली. विमाने काही त्यामुळे खाली आली नाहीत.

आता दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. आठ वर्षांच्या मुलीला संमती विचारली जात नाही, आणि सुई दुखविते. एकच सुई अनेकांना टोचली तर काविळीसारखे रोग पसरतात, हे आज सर्वांना ठाऊक आहे. म्हणून एखाद्या बैगा मुलीने 'मला गोंदण नको' म्हटले, तर तिच्यावर परंपरेचा बोजा लादण्याचा अधिकार जमातीला नाही आणि दुरून संस्कृतीचे गोडवे गाणाऱ्या आम्हांलाही नाही. परंतु तिचा नकार तिचाच असावा. वसतिगृहातील टवाळीने किंवा मुलाखतीतील कटाक्षाने तो तिच्या तोंडून वदवून घेतलेला नसावा. मालकाचेही काही म्हणणे रास्त आहे. अन्न हाताळणाऱ्याने दागिने घालू नयेत असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. फिरत्या यंत्रापाशी लोंबती कडी जीवघेणी ठरू शकते. अशा जागी कडी काढून ठेवण्यास सांगणे हा जुलूम नव्हे. मात्र कडी काढता येते, गोंदण काढता येत नाही; आणि त्वचेतील रेषेने ना अन्न नासते, ना यंत्र अडते. गोंदणात कोणाचा द्वेष किंवा अपमान लिहिला असेल, तर त्यास हरकत घेणे वेगळे. बाकीच्या हरकती बहुतेक 'गिऱ्हाईक काय म्हणेल' या एका वाक्यात मावतात. आमच्या मते ते वाक्य गिऱ्हाइकाचे नसून मालकाच्या मनातील भीतीचे असते.

तेव्हा कसोटी सोपी आहे. ज्या खुणेने कामात, आरोग्यात वा सुरक्षिततेत प्रत्यक्ष बाध येतो, तेवढ्यापुरताच नियम असावा. तो लेखी असावा, आणि सर्वांस सारखा असावा. ज्या खुणेने केवळ वरिष्ठांच्या डोळ्यांना सवय नसल्याचा त्रास होतो, तेथे सवय वरिष्ठांनी लावून घ्यावी. भोपाळच्या आदिवासी संग्रहालयात या जमातींच्या कलेपुढे आपण कौतुकाने उभे राहतो, कान्हाच्या परिसरात पर्यटक बैगांचे नृत्य पाहण्यास पैसे मोजतात. त्याच परिसरातील पर्यटकनिवासाच्या स्वागतकक्षात, पेढीच्या गल्ल्यावर, शाळेच्या फळ्यापुढे गोंदलेल्या कपाळाची किती माणसे बसली आहेत, याची मोजदाद आता त्या त्या संस्थांनीच करावी.

भिंतीवर लावायला जे कपाळ आपल्याला चालते, ते टेबलापलीकडच्या खुर्चीत चालले पाहिजे. बैहरच्या बाजारातील त्या नातीने उद्या आजीसारखे गोंदवून घ्यावे की कपाळ कोरे ठेवावे, हे तिने ठरवावे. तिने काहीही ठरविले तरी कचेरीचा उंबरठा तिला सारख्याच उंचीचा लागावा, एवढी काळजी घेणे आपल्या हातात आहे.