दोराला झोळ हवाच

बालाघाटहून गोंदियामार्गे डोंगरगडला जाणारे भाविक बम्लेश्वरीच्या हजाराहून अधिक पायऱ्या बघतात आणि मुकाट्याने रोपवेच्या रांगेत उभे राहतात. ट्रॉलीत बसल्यावर सगळ्यांची नजर खाली जाते. ती जरा वर, दोराकडे न्यावी. दोन खांबांमध्ये त्याला झोळ दिसेल. ही ढिलाई नव्हे. धुण्याच्या दोरीवर ओली चादर टाका आणि दोरी सरळ करायला ओढत राहा. चादर उचलली जाईल, पण पूर्ण सरळ व्हायच्या आधी दोरी तुटेल. झोळ जितका कमी, तितका ताण जास्त.

हा तारांचा दोर मुळात खाणीतला. बालाघाटसारख्या मँगनीज-तांब्याच्या मुलखाला हे सांगायला हवंच. जर्मनीच्या हार्त्स भागातल्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट यांनी 1834 साली तो वापरात आणला. साखळीची एक कडी तुटली की सगळं खाली. पीळ दिलेल्या दोरात एखादी तार तुटली, तरी भार बाकीच्या तारा उचलतात.

रायगडावर 1996 पासून रोपवे आहे. तिथे एका बाजूचे पाळणे उतरताना दुसऱ्या बाजूचे चढतात. वजनं एकमेकांना तोलतात, मोटरवर उरतो तो फरक आणि घर्षण. तसा तोल नसता, तरी 60 किलोच्या पंधरा जणांना 400 मीटर उंच न्यायला, घर्षण सोडलं तर, जेमतेम एक युनिट वीज पुरते!

खरा वैरी वारा. तो वाढला म्हणून रोपवे थांबवला, तर कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नका.