ओतलेल्या रंगाची शिस्त

अ‍ॅक्रिलिक रंग ओतून केलेले चित्र पाहताना रंगांनी आपापल्या वाटा स्वतःच शोधल्या असाव्यात असे वाटते. पण त्या वाटा चित्रकाराने रंग कालवतानाच बऱ्याच अंशी ठरवलेल्या असतात. पाण्यात विखरून ठेवलेले अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांत मिसळलेली रंगद्रव्याची पूड म्हणजे अ‍ॅक्रिलिक रंग. पाणी उडून जाते तसतसे हे कण जवळ येऊन एकजीव होतात आणि त्यांचा जो लवचीक पापुद्रा तयार होतो, तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. रंगद्रव्य न घातलेला, ओला असताना दुधट आणि वाळल्यावर पारदर्शक होणारा हाच द्रव म्हणजे ‘मीडियम’.

रंग वाहता करण्यासाठी नवशिका पाण्याकडे वळतो आणि तेथेच चुकतो. पाण्याने रंग पातळ होतो खरा, परंतु पूड धरून ठेवणारे कण विरळ झाल्याने पापुद्रा दुबळा राहतो. शिवाय जितके पाणी अधिक, तितका वाळताना थर अधिक आकसतो. ओतण्यासाठीचे मीडियम रंगाला प्रवाहीपणा देताना बांधणारे कणही पुरवते, हा त्याचा पाण्याहून वेगळा गुण. मात्र प्रवाहीपणा म्हणजे केवळ पातळपणा नव्हे. श्रीखंडात चमचा फिरवला तर त्याची खूण तशीच राहते, उलट काकवी कितीही दाट असली तरी क्षणात सपाट होते; ट्यूबमधला घट्ट रंग श्रीखंडाच्या जातीचा, तर आपोआप समतल होणारे मीडियम काकवीच्या जातीचे असते. अशा मीडियममध्ये गुरुत्वाकर्षण आणि पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाची आकसून राहण्याची ओढ, हे दोन्ही मिळून कुंचल्याचे वळ पुसून टाकतात. रंग शिंपडतानाही हाच भेद दिसतो: पाणचट रंगाचे थेंब फुटून विखुरतात, तर काही मीडियम एकतारी पाकासारखी लांब तार धरतात आणि ती तार पृष्ठावर अखंड रेघ होऊन पडते.

खरी परीक्षा मात्र वाळण्याच्या वेळी होते. जाड थराच्या वरच्या भागावर आधी साय धरते आणि आतला रंग नंतर आकसू लागला की ती साय ताणली जाऊन तिला भेगा पडतात. अमेरिकेतील ‘गोल्डन’ या कंपनीचे जीएसी ८०० हे मीडियम मुख्यतः या भेगा टाळण्यासाठी रंगात मिसळतात. पंखा बंद ठेवणे आणि एका जाड थराऐवजी अनेक पातळ थर देणे, हे उपायही तितकेच उपयोगी असतात. ताणलेला कॅनव्हास रंगाच्या भाराने मधोमध झोळतो आणि तेथे डबके साचते, म्हणून पक्की फळी घेऊन ती पाणसळ लावून सपाट बसवणे श्रेयस्कर ठरते.

एकावर एक ओतलेल्या रंगांत जाळी व पेशींसारखे आकार उमटतात, त्यामागे बहुधा घनतेचा फरक असतो. मेक्सिकोचे चित्रकार दाविद आल्फारो सिकेरोस यांनी १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या कार्यशाळेत औद्योगिक रंगांवर असे प्रयोग केले. पुढे रंग ओतून-शिंपडून केलेल्या चित्रांसाठी प्रसिद्ध झालेले चित्रकार जॅक्सन पोलॉक तरुणपणी त्या कार्यशाळेत होते. पुढे मेक्सिकोतील द्रवयांत्रिकीच्या अभ्यासकांनी प्रयोगांनी दाखवले की जड पांढरा थर हलक्या काळ्या थरावर ओतला की जड द्रव खाली उतरू पाहतो, हलका ठिकठिकाणी वर घुसतो आणि त्या घुसळणीतून नक्षी तयार होते. पांढऱ्यात सहसा वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट जड असते, त्यामुळे रंगांचा क्रम बदलला की चित्रही बदलते.

१९५० च्या दशकात चित्रकार मॉरिस लुईस यांनी टर्पेंटाइनने पातळ होणारा ‘मॅग्ना’ हा अ‍ॅक्रिलिक रंग कॅनव्हासवर ओतून पारदर्शक पडद्यांसारखी चित्रे घडवली. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक त्याच दशकात कलावंतांच्या हाती आले. गंमत अशी की याच रंगातला सर्वाधिक प्रसिद्ध शिंतोडा शिंपडलेला नाहीच: चित्रकार डेव्हिड हॉकनी यांच्या १९६७ च्या ‘अ बिगर स्प्लॅश’ या चित्रात पोहण्याच्या तलावातून क्षणभरात उडून विरणारे पाणी लहान कुंचल्यांनी, सुमारे दोन आठवडे खपून रंगवलेले आहे.