चाकावरचं घर – भाग ६ : गॅसची टाकी कुठं ठेवायची?

नांदेडहून लातूरला निघालं की लोह्याच्या पुढं माळेगाव लागतं. मार्गशीर्षाच्या वद्यात तिथं खंडोबाची यात्रा भरते आणि माळावर टेम्पो, पिकअप, ट्रॅक्टर-ट्रॉल्या दाटीनं उभ्या राहतात. माणसं झोपतात गाडीत, पण स्वयंपाक होतो खाली जमिनीवर. चूल असो की गॅसची शेगडी, ती गाडीपासून लांब मांडायची, ही यात्रेकरूंची जुनी रीत आहे. चाकावरचं घर बांधायला घेतलेल्या माणसाला मात्र ओटा आत हवा असतो. बाहेर पाऊस असतो, वाऱ्यानं शेगडी विझते, रात्री उशिरा रस्त्याकडेला थांबून चहा करायचा असतो. मागणी रास्तच आहे. पण ओटा आत आला की गॅसही आत येतो, आणि मग घरच्या स्वयंपाकघरातल्या सवयी पुरत नाहीत.

आपला स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. हवेच्या तुलनेत प्रोपेन साधारण दीडपट आणि ब्युटेन दुप्पट जड. त्यामुळं गळालेला गॅस वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही. तो पाण्यासारखा खाली उतरतो आणि सगळ्यात सखल जागा धरून बसतो. घरात दाराखालच्या फटीतून त्याला थोडीफार वाट मिळते. गाडीचा तळ म्हणजे चारी बाजूंनी बंद पत्रा. त्यातून मागच्या भागात सांगितलेली बॅटरी आणि इन्व्हर्टर बहुतेकांनी पलंगाखाली, म्हणजे नेमक्या त्याच सखल जागेत बसवलेले असतात. रिलेची एक ठिणगी तिथं पुरेशी असते.

थोडा हिशेब करून पाहू. मोठ्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या आतली पोकळी १२ घनमीटर धरली आणि हवेत गॅस सुमारे २ टक्के झाला की ती पेटू शकते हे लक्षात घेतलं, तर अख्खी गाडी धोक्यात यायला साधारण अर्धा किलो गॅस लागतो. म्हणजे ५ किलोच्या छोट्या टाकीचा दहावा हिस्सा. आणि गॅस सगळीकडं सारखा पसरतच नाही. जमिनीलगतचा वीतभर थर त्याच्या कितीतरी आधी पेट घेण्याजोगा झालेला असतो. इथं नाकावर फार भिस्त ठेवू नये. वास यावा म्हणून गॅसमध्ये मर्कॅप्टन मिसळलेलं असतं खरं, पण झोपलेल्या माणसाला तो जागं करीलच असं नाही. गॅसगळती ओळखणारा अलार्म म्हणूनच जमिनीपासून वीतभर उंचीवर लावायचा, छताला नाही.

बंद डब्यात गॅस पेटवल्यानं काय होतं, हे देशानं २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत पाहिलं. लखनौहून निघालेल्या यात्रेकरूंचा खासगी आरक्षित डबा तिथल्या रेल्वे यार्डात उभा होता. पहाटे चहा करण्यासाठी, नियम मोडून आणलेल्या सिलिंडरवर शेगडी पेटवली गेली. आग लागली आणि ९ जणांचा जीव गेला. डबा रेल्वेचा होता, पण अरुंद वाट, मोजकी दारं आणि आतच ठेवलेली टाकी ही मांडणी घरच्या घरी बनवलेल्या कितीतरी व्हॅनमध्ये जशीच्या तशी दिसते.

म्हणून गॅसच्या कामात शेगडीच्या आधी टाकीच्या पेटीचा विचार करावा. ही पेटी पत्र्याची, तिचं दार गाडीच्या बाहेरून उघडणारं, आणि राहण्याच्या भागाकडच्या तिच्या भिंतीला सुईएवढीही फट नको. नळी जिथून आत जाते तिथं रबरी ग्रोमेट बसवून सील भरायचं. पेटीच्या तळाला थेट रस्त्यावर उघडणारं भोक हवं. युरोपातल्या मानकानुसार त्याचं क्षेत्रफळ तळाच्या किमान २ टक्के असावं आणि १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी नसावं, म्हणजे १० बाय १० सेंटिमीटरची चौकट. हे भोक सायलेन्सरपासून आणि चाकापासून दूर ठेवावं. त्यावर जाळी लावाल तर आपल्याकडच्या काळ्या मातीचा विचार करा. पावसाळ्यात एखाद्या शेतरस्त्यावरून गाडी गेली की चिखलानं जाळी बुजते आणि पेटीचा सगळा उपयोग संपतो. गाडी धुताना ही जाळी आधी मोकळी करायची.

टाकी उभीच हवी. आडवी ठेवली तर वायूऐवजी द्रव नळीत उतरतो, आणि तो द्रव वायू झाला की सुमारे अडीचशे पट पसरतो. तळाशी कडं आणि वर पट्टा, असं दोन्हीकडून तिला जखडावं.

टाकी कोणती, याचं उत्तर सोपं आहे: ५ किलोची. घरगुती १४.२ किलोची लाल टाकी घरच्या स्वयंपाकासाठी सवलतीत दिली जाते, ती इतरत्र वापरायला कायद्यानं मनाई आहे. एके काळी तिच्यातूनच गॅस भरून ओम्नी आणि रिक्षा पळवल्या जात. त्या उद्योगात गाड्या पेटल्याच्या बातम्या मराठवाड्याला नव्या नाहीत. इंडियन ऑइलची ‘छोटू’ टाकी पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर, काही पेट्रोल पंपांवरही मिळते. ती पुरते का? १ किलो गॅसमध्ये सुमारे १२.८ युनिट ऊर्जा असते. २ किलोवॅटचा बर्नर पूर्ण आचेवर ठेवला तरी ५ किलोची टाकी ३२ तास चालते. दोन माणसांचा चहा, भात, पिठलं धरून रोज दीड तास शेगडी चालली, तरी तीन आठवडे निघतात. मोठी टाकी लादण्याचं काही कारण उरत नाही.

घेताना टाकीच्या मानेजवळची पट्टी वाचावी. तिथं आतल्या बाजूला ‘बी-२८’ असं काही रंगवलेलं असतं. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या, पुढं साल. ‘बी-२८’ म्हणजे २०२८ च्या जूनपर्यंत टाकीची चाचणी व्हायला हवी. तारीख उलटलेली टाकी दुकानदाराला तिथल्या तिथं परत करायची.

परदेशी व्हिडिओंत सगळे नुसतं प्रोपेन वापरताना दिसतात, त्यामुळं आपल्याकडं अनेकांचा गोंधळ होतो. तिकडं कारण थंडीचं आहे. ब्युटेन शून्याखाली अर्ध्या अंशाला उकळायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू देतं. लडाखला जाणाऱ्यानं याचा विचार जरूर करावा. नांदेडच्या डिसेंबरात आपलं मिश्रण बिनतक्रार चालतं. आपली काळजी मे महिन्याची. उन्हात बंद उभ्या गाडीचं आतलं तापमान ६० अंशांच्या घरात जातं आणि टाकीतला दाब त्याबरोबर चढतो. पेटी सावलीच्या बाजूला येईल अशी गाडी लावावी, आणि गाडी दिवसभर उन्हात राहणार असेल तर टाकी काढूनच ठेवावी.

आता नळी. घरी वापरतो ती तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी चांगली असते. पण तिची लांबी दीड मीटरच्या आत ठेवायची आणि पाच वर्षांनी ती बदलायची, हे नियम घरालाही आहेत. गाडीत ती फक्त दोन टोकांना वापरावी: टाकीपाशी आणि शेगडीपाशी. मधलं अंतर तांब्याच्या नळीनं जोडायचं, थोड्या थोड्या अंतरावर क्लिप मारायच्या, आणि प्लायच्या मागं एकही सांधा दडवायचा नाही. अहमदपूर-चाकूरच्या पट्ट्यात गतिरोधकांवरून रोज उडणाऱ्या गाडीत सांधे सैल होतात. ते डोळ्यांना दिसले पाहिजेत, बोटांना लागले पाहिजेत.

शेगडी घेताना बहुतेकजण काच आणि बर्नर बघतात. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होतो का? ही सोय थर्मोकपलनं होते. बर्नरशेजारची ती बारीक कांडी थंड पडली की झडप मिटते. बटण दाबताच ठिणगी पडते म्हणजे ही सोय असतेच असं नाही. आपल्या बाजारातल्या बहुतेक घरगुती शेगड्यांत ती नसते. थोडे जास्त पैसे मोजून ती घ्यावी. उघड्या दारातून आलेल्या एका झुळकेनं डाळीखालची ज्योत जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

जोडणी झाली की साबणाचं पाणी. दाट फेस करून ब्रशनं प्रत्येक सांध्याला लावायचा, टाकीचा कॉक उघडायचा आणि शेगडीचा बंद ठेवायचा. गळती असेल तिथं आधी मोहरीएवढा बुडबुडा येतो, मग तो हळूहळू फुगतो. घाईत असलेल्याला तो दिसत नाही, म्हणून एकेका सांध्यावर मिनिटभर थांबावं. काडी पेटवून बघण्याचा प्रकार काही ठिकाणी अजून चालतो. तसं करणाऱ्या मिस्त्रीला काम देऊ नये.

स्वयंपाक करताना छताचा पंखा चालू आणि खालची हवेची झडप उघडी हवी, कारण ज्योत आतला प्राणवायू खाते. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला तर वासही नसतो. त्याचा अलार्म वेगळा घ्यावा लागतो. थंडीत गाडी गरम करायला शेगडी कधीही पेटती ठेवायची नाही. गाडी हलण्याआधी टाकीचा कॉक बंद करायचा.

आणि या सगळ्याच्या आधी, म्हणजे पत्र्याला भोक पाडण्याच्याही आधी, आरटीओत जावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं आहे. राहण्याजोग्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. बॉडी बांधणाऱ्याला ते माहीत आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारावं. गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर चालतो. तो पेटीच्या दारावर बाहेरून रंगवून घ्यावा, म्हणजे मदतीला धावून आलेल्या अनोळखी माणसालाही तो वाचता येईल.

(पुढील भागात : पाण्याची टाकी आणि सांडपाणी)