अनेक हातांची पाटी

वर्गातील फळ्यावर लिहिलेला मजकूर तास संपताच पुसला जातो. वहीतील मजकूर टिकतो खरा. पण वही एकाच विद्यार्थ्याच्या हाती असते. जिच्यावर अनेकांना लिहिता येईल, जिच्यावरील चूक कोणालाही सुधारता येईल आणि तरीही पूर्वी लिहिलेले एकही अक्षर नाहीसे होणार नाही, अशी एखादी पाटी मिळाली तर? संगणकाच्या साह्याने अशी पाटी आज मिळाली आहे. तिला 'विकी' असे म्हणतात.

वॉर्ड कनिंगहॅम हे अमेरिकन संगणकतज्ज्ञ विकीचे जनक होत. संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंना परस्परांचे अनुभव कळावेत, या हेतूने त्यांनी 25 मार्च 1995 रोजी पहिली विकी महाजालावर खुली केली. तिच्या नावाची कथा मोठी मौजेची आहे. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या बसगाडीला 'विकी विकी' म्हणत. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे जलद. तेच नाव कनिंगहॅम यांनी उचलले.

विकीची रचना साधी असते. तिच्या पानाची मुख्य अंगे तीन. पहिले अंग म्हणजे लेख. तो सर्वांनी मिळून लिहावयाचा असतो. दुसरे अंग म्हणजे इतिहास. कोणी, केव्हा, कोणता शब्द घातला अथवा काढला, याची नोंद तेथे आपोआप होते. एखाद्याने चांगला मजकूर बिघडविला, तर जुना मजकूर तेथून परत आणता येतो. तिसरे अंग म्हणजे चर्चा. दोन लेखकांत मतभेद झाला, तर त्यांनी एकमेकांचे लेखन खोडीत बसू नये; आपापली कारणे चर्चेच्या पानावर मांडावी, असा संकेत आहे.

या पद्धतीचे सर्वांत मोठे फळ म्हणजे विकिपीडिया हा ज्ञानकोश. 15 जानेवारी 2001 रोजी तो इंग्रजीत सुरू झाला. त्यापूर्वी त्याच्या संस्थापकांनी तज्ज्ञांकडून लेख लिहवून घेण्याचा यत्न केला होता. परंतु लेख तपासण्याच्या अनेक पायऱ्यांमुळे ते काम फार मंद गतीने चाले. सर्वांना लेखणी मिळताच मात्र वर्षभरात सुमारे 20,000 लेख तयार झाले. गाव करी ते राव न करी, हेच खरे. 1 मे 2003 रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडियाही सुरू झाला.

परंतु जेथे सर्वांना लिहिता येते, तेथे खोटेही लिहिता येते. 2005 साली जॉन सीगेनथॉलर या अमेरिकन पत्रकारांच्या चरित्रात एका अज्ञात व्यक्तीने त्यांचा संबंध अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येशी जोडला. तो धादांत खोटा मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला. एका निरपराध माणसाच्या नावाला काळिमा लागला. कारण वाचणाऱ्यांपैकी कोणीही थांबून 'याला पुरावा काय?' असे विचारले नाही. विकीची खरी रखवाली यंत्र करीत नाही. सावध वाचकच ती करीत असतो.

हा सावधपणा शिकविण्यासाठी वर्गासारखे दुसरे स्थान नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात 2008 साली लॅटिन अमेरिकेच्या साहित्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक आगळे काम सोपविण्यात आले. केवळ प्राध्यापकांनी वाचावेत असे निबंध न लिहिता त्यांनी गटागटाने विकिपीडियावर लेख लिहावयाचे होते. प्रत्येक विधानाला आधार द्यावा लागे. अनोळखी वाचक त्यांतील उणिवा दाखवीत आणि मग लेख पुनःपुन्हा लिहावा लागे. अखेरीस त्यांच्या तीन लेखांना विकिपीडियावरील सर्वोच्च श्रेणी मिळाली. ग्वातेमालाचे नोबेल पारितोषिकविजेते लेखक अस्तुरियास यांच्या एका कादंबरीवरील लेख हा त्यांपैकी एक होता.

आपल्या शाळांतूनही असे काम लहान प्रमाणावर करता येण्याजोगे आहे. समजा, एका वर्गाने आपल्या गावाची माहिती लिहावयास घेतली. एकाने लिहिले, 'वेशीजवळची विहीर दोनशे वर्षांची आहे.' दुसऱ्याने चर्चेत विचारले, 'कशावरून?' मग वृद्धांना विचारणे आले, विहिरीवरील शिलालेख वाचणे आले, जुनी कागदपत्रे पाहणे आले. त्या एका प्रश्नाने सारा वर्ग कामाला लागतो. गटाच्या कामात एकाने राबावे आणि इतरांनी नुसती नावे घालावीत, हा जुना अन्यायही येथे टळतो. कारण कोणी किती काम केले, ते इतिहासाचे पान सांगत असते.

शिक्षकांनाही ही पाटी उपयोगी पडते. 'कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग' या संस्थेच्या आश्रयाने 2006 साली 'विकिएज्युकेटर' हा उपक्रम सुरू झाला. तेथे शिक्षकांना विकीवर लेखन करण्याचे शिक्षण विनामूल्य दिले जाई. त्याच्या मोबदल्यात शिकणाऱ्याने एक पाठ तयार करून सर्वांसाठी खुला करावा, एवढीच अपेक्षा असे. एका शिक्षकाने रचलेला पाठ दुसऱ्याने वर्गात शिकवून पाहावा, मुले कोठे अडखळली ते नमूद करावे आणि तिसऱ्याने तो अधिक सुबोध करावा, असे घडले म्हणजे एकाचा अनुभव अनेकांचा होतो.

आपल्या लेखनात दुसऱ्याने दुरुस्ती केली, तर प्रथम मनाला थोडे लागते. ती दुरुस्ती योग्य असेल, तर ती आनंदाने स्वीकारणे आणि अयोग्य वाटली, तर रागावून न जाता आधार दाखविणे, हा विकीचा खरा धडा आहे. जो हात दुसऱ्याची चूक सुधारतो, त्याने स्वतःची चूक मान्य करावयासही तयार असले पाहिजे. तरच अनेक हातांची पाटी ज्ञानाची पाटी होते.