फुकटचं ऑडिट सगळ्यात महाग

मुंबई-ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत मोठ्या दुरुस्तीचा विषय निघाला की सभेत एक वाक्य हमखास येतं : "कन्सल्टंट कशाला? कॉन्ट्रॅक्टर फुकटात ऑडिट करून देतोय की!" ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदाचं नीट सांगतो.

गैरसमज : कन्सल्टंटची फी म्हणजे उधळपट्टी.

वस्तुस्थिती : दुरुस्तीचं काम बहुधा आयटम-रेटवर दिलं जातं. प्लास्टर, खांबांचं जॅकेटिंग, वॉटरप्रूफिंग, प्रत्येकाचा दर वेगळा. पण गंजून फुगलेल्या सळईने आत किती काँक्रीट फोडलंय, ते प्लास्टर काढल्याशिवाय पुरतं कळत नाही. म्हणजे टेंडरमधली मापं हा अंदाज. खरं बिल प्रत्यक्ष मोजमापावर बनतं. आता सांगा, टेप कोणाच्या हातात द्यायची? ज्याला फुटाफुटाचे पैसे मिळणार, त्याच्याच? हे विद्यार्थ्याने स्वतःचा पेपर तपासण्यासारखं झालं.

कन्सल्टंट आधी रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक पल्स, हाफ-सेल अशा चाचण्या करून घेतो. मग कामांची एकच यादी सगळ्या कॉन्ट्रॅक्टरांना देतो. ती नसली की एकाच्या कोटेशनमध्ये परांची धरलेली, दुसऱ्याने वगळलेली. तुलना करणार कशाची? काम सुरू झाल्यावर मापं तपासून मगच बिल पुढे पाठवायचं, हेही त्याचंच काम.

यात कायदाही आहे. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब नुसार ३० वर्षांवरच्या इमारतीला नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. कॉन्ट्रॅक्टरच्या लेटरहेडवरचा कागद तिथे चालत नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी, त्यापुढे दर ३ वर्षांनी सांगितलंय.

कन्सल्टंटवरही डोळे मिटून विश्वास नकोच. फी बिलाच्या टक्केवारीत ठरवली, तर बिल फुगण्यात त्याचाही फायदा असतो. ठोक रक्कम ठरवा, किंवा टक्केवारीला कमाल मर्यादा घाला. साइटवर आठवड्यातून किती वेळा येणार, हे करारात लिहून घ्या.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

"सगळ्यात कमी दर म्हणजे स्वस्त काम." न परवडणाऱ्या दराची वसुली पुढे 'एक्स्ट्रा आयटम'मधून होते.

"ऑडिट केलं की इमारत सी-१ ठरवून बिल्डरच्या घशात घालतात." सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करण्याजोगी. मुंबईत परस्परविरोधी अहवाल आले, तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. शंका असेल तर दुसरं ऑडिट करून घ्या; ऑडिटच टाळू नका.

"भेगा बुजवून रंग मारला की झालं." सळई आत गंजतच राहते, फरक इतकाच की आता ती दिसत नाही.

"कन्सल्टंट नेमला, कमिटी सुटली." करार सोसायटीचा, चेकवर सही पदाधिकाऱ्यांची. सुटका कसली?

"इमारत महापालिकेची असेल तर देखभाल आपोआप होते." २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मार्केटची इमारत कोसळून ६१ जण गेले. ती महापालिकेच्याच मालकीची होती.

पुढच्या सभेत रंगाच्या शेडवर तासभर वाद होईलच. त्याआधी एकच विचारा : मेजरमेंट शीट तपासून सही कोण करणार? उत्तर 'कॉन्ट्रॅक्टरच करेल' असं आलं, तर ठराव तिथेच थांबवा.